पुन्हा थरथर

“स्टिअरिंग पुन्हा थरथरतंय,” म्हणत तो आपली इवलीशी, हलकीफुलकी स्पोर्ट्स कार घेऊन गॅरेजमध्ये आला. मेकॅनिक मुलीने चाक उतरवलं. बॅलन्सिंगसाठी रिमला चिकटवलेली वजनं याही वेळी गायब होती.

गॅरेजचा मालक तिच्यावर भडकला. “दर वेळी पडतात म्हणजे काय? उद्यापासून चाकांना हात लावायचा नाही!”

“अहो, यांची काही चूक नाही,” तो घाईघाईने म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “घरी जाऊन मीच उचकटतो. नाहीतर इथे यायला निमित्त काय सांगू?”

मालक कपाळावर हात मारून आत निघून गेला.

“कशाला नखं मोडून घेतलीत?” ती हळूच म्हणाली. “मी मुद्दाम धुळीवरच चिकटवत होते. आपोआप पडली असती की!”