नाडी बघणारं दार

"आधी शांत व्हा," दाराचं हँडल गोड आवाजात म्हणालं.

रागाच्या भरात बाहेर पडून कुणी कुणाच्या जिवावर उठू नये, म्हणून हल्ली प्रत्येक हँडल नाडी बघूनच दार उघडायचं. वैदर्भीचा ओठ फुटला होता, छाती धडधडत होती.

"ओरडू नकोस, ठोके आणखी वाढतील," मागून तिचा नवरा शार्दूल म्हणाला. हँडल त्यानेच डिझाइन केलं होतं, आणि मारतानाही त्याचा आवाज कधी चढत नसे. त्याने पुन्हा पट्टा उगारला.

तिने कोपऱ्यातला डंबेल उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो कोसळला, तरी ती घालतच राहिली.

मग तिचा श्वास संथ झाला. तिने रक्ताळलेला हात हँडलवर ठेवला. दार लगेच उघडलं.

"शाब्बास," हँडल म्हणालं, "बघा, किती शांत झालात!"