आभाराचं पत्र

बायकोच्या ऑपरेशनचा क्लेम विमा कंपनीनं नाकारला, म्हणून मी आमदारसाहेबांसमोर शिफारसपत्र ठेवलं. त्यांच्या कार्यालयात बावीस वर्षं मी लोकांसाठी अशीच पत्रं टाईप करतोय. एरवी साहेब न वाचता सही करतात. आज कंपनीचं नाव दिसलं आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"धामणकर, गेल्या महिन्यात या कंपनीला आभाराचं पत्र कोणी टाईप केलं?"

"मीच, साहेब."

पक्षाला दिलेल्या देणगीबद्दलचं ते पत्र. 'आपले सहकार्य पक्ष कधीही विसरणार नाही,' हे शेवटचं वाक्य माझंच होतं. साहेबांना फार आवडलं होतं.

"मग आता मी त्यांच्याशी भांडू कसा?" त्यांनी कागद परत दिला. "वहिनींना जपा. बँकेला कर्जासाठी पत्र हवं असेल तर आत्ता देतो."

मी बाहेर आलो. बाकावर नंबर लावून बसलेल्यांत सगळ्यात पुढे एक म्हातारी होती. मांडीवर त्याच कंपनीचं नकाराचं पत्र.

"भाऊ, साहेबांनी पत्र दिलं की काम होतं ना?"

माझ्या हातातला कागद मी घडी करून खिशात घातला.

"होतं, आजी. बसा."