लोखंडातून लोखंड

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. पाळण्यातलं बाळ दचकलं, ओठ हलवले, पण उठलं नाही. तिने रोखलेला श्वास सोडला आणि पुन्हा पानं पुढे ओढली.

सरांचा शोधनिबंध. कधीचाच फुटून गेलेला एक तारा, त्याचा मागे उरलेला ढग, त्यातून येणारे क्ष-किरण आणि त्यांवरून काढलेला हिशेब, की ढगात कुठलं मूलद्रव्य किती. तीन वर्षं हे काम तिने केलं होतं. वर चार नावं होती. तिचं शेवटच्या पानावर, आभारांत, संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

लोखंडाच्या आकड्याभोवती तिने लेकीच्या लाल पेन्सिलने गोल काढला. टोक मोडलं.

"लाल म्हणजे चूक ना?" झाकण छातीशी धरून पाच वर्षांची लेक दारात उभी होती.

"हो, चूक. आजूबाजूचा उजेड वजा करायला आकाशाचा रिकामा तुकडा घ्यायचा असतो. यांनी ढगाचीच कड घेतली. लोखंडातून लोखंडच वजा केलं."

"वेडेच आहेत."

तिने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. ही चूक आधी तिचीच होती. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यात ती सापडली, आणि अवघडल्या अंगाने बसून तिने सगळं पुन्हा मोजून पाठवलं. पानांत मात्र जुनाच आकडा होता; सरांनी ती मेल उघडलीसुद्धा नव्हती.

फोन थरथरला. सरच होते.

"अगं, नावाचं मनावर घेऊ नकोस. तू आता बाळात अडकलेली, म्हटलं कशाला उगाच त्रास. आज पाठवून टाकतोय. तू नजर टाकलीस ना? लोखंड मला जरा कमी वाटतंय."

बरोबर आकडा तिला तोंडपाठ होता. लेकीच्या वाढदिवसाइतका. तो जिभेपर्यंत आला. तिने ओठ मिटले.

"नाही सर," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. "लोखंड बरोबर आहे."

"बास. तुझा शब्द म्हणजे काळजी नाही."

फोन बंद झाला.

लेक झाकण ठेवून आत गेली होती. ती परत आली, पानावर ओणवी झाली. मुठीत खोडरबर होतं.

"आई, मग हा गोल खोडू?"