दोन इंच

मिस्त्रीनं पिकअपचं दार उघडलं, आतली मूठ धरली आणि पाय उचलला. पाय पायरीच्या दोन बोटं खालीच राहिला. त्यानं हातानं मांडी धरून पुन्हा प्रयत्न केला. गुडघ्यातून कळ गेली, पण पाय काही वर गेला नाही.

सकाळपासून खपून त्यानंच ही जुनी गाडी दोन इंच उंच केली होती. पुढचे उंचीचे बोल्ट आवळून पुढची बाजू वर घेतली, मागं स्प्रिंगचे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले, लांब यू-बोल्ट लावले, ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना ते बोट लावून पाहिलं. चारी चाकांवर टेप धरून मापं घेतली. सुताचा फरक नव्हता. गॅरेज बंद केल्याला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्याच्या हाताला असं काम लागलं नव्हतं. म्हातारा अंगात आल्यासारखा राबला. चहा दोनदा गार झाला.

"राहू द्या बाबा," मुलगा म्हणाला. "फेरी मी मारून आणतो. आता मीच चालवत जाईन."

वाक्य जरा लवकरच आलं, तोंडात तयार ठेवल्यासारखं. बोलून झाल्यावर मुलानं दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या आईकडे पाहिलं. तिनं घाईघाईनं एक ओला शर्ट झटकायला घेतला. मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

"तुझ्या बांधकामाच्या साइटच्या रस्त्यावर गाडी खालून घासते म्हणालास ना तू?"

"हो."

"कुठं घासते?"

मुलानं जमिनीवरचा पाना उचलून पुसायला घेतला.

सकाळपासून मिस्त्री गाडीखाली उताणा पडून होता. खाली कुठंही साधा ओरखडा नव्हता. ते त्याला दिसलंही होतं. पण 'बाबा, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार?' असं मुलगा म्हणाला होता आणि तेवढ्यावर म्हातारा हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला होता. गॅरेजात गिऱ्हाइकाच्या शब्दावर त्यानं कधी पान्याला हात लावला नाही. आधी खाली शिरून स्वतः बघायचा. पोराच्या बाबतीत मात्र बघूनही आंधळा झाला.

"त्याला कशाला बोलता?" बायको कपडे टाकून पुढं आली. "मागच्या महिन्यात फाटकाचा खांब पाडलात. मग ती सायकलवरची मुलगी. थोडक्यात वाचली ती. तुमचा पाय वेळेवर ब्रेकवर जात नाही हो. आणि सांगायला जावं, तर तुम्ही घर डोक्यावर घेता."

"म्हणून माझ्याच हातानं मला गाडीबाहेर काढलंत?" मिस्त्रीचा आवाज चढला. "दुसरा कुणी मिस्त्री मिळाला नाही तुम्हाला?"

"दुसऱ्यानं उंच केली असती, तर तुम्ही त्याच दिवशी उतरवली असती," मुलगा खाली बघून म्हणाला. "स्वतःचं काम तुम्ही मोडणार नाही, असं वाटलं."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगं बापाला ओळखून होतं, आणि त्याचाच त्यानं असा फायदा घेतला होता.

त्यानं जॅक ओढला. ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं चाक उचललं, खाली टेकू म्हणून लोखंडी घोडी लावली, यू-बोल्ट सोडले आणि ठोकळा काढून अंगणाच्या पार टोकाला भिरकावला. जुने बोल्ट परत लावले. मग पुढं जाऊन त्याच बाजूचा बोल्ट सैल केला. मुलगा मदतीला वाकला, तर त्याच्या हातातला पाना हिसकावून घेतला. पलीकडच्या बाजूला त्यानं हातही लावला नाही. जॅक निघाला तशी गाडी एका अंगाला कलली. गॅरेजच्या पस्तीस वर्षांत अशी गाडी त्यानं कुणाला बघूसुद्धा दिली नसती.

त्यानं दार उघडलं आणि पाय उचलला. पुन्हा कळ गेली, पण या खेपेला तो चढला. दार ओढून घेतलं, काच खाली केली.

"बाबा, अशी गाडी बाहेर काढू नका," मुलगा घाबरून म्हणाला. "वळणावर उलटेल."

"हे मला तू शिकवणार? असली गाडी रस्त्यावर न्यायला मला वेड लागलंय का?"

मिस्त्रीनं चावी तळहातावर ठेवली आणि हात खिडकीबाहेर काढला.

"माग."

"काय?"

"चावी. 'बाबा, आता तुम्ही गाडी चालवू नका', असं म्हण आणि घेऊन जा. खांब पडला त्या दिवशी म्हणाला असतास, तर त्याच दिवशी दिली असती. शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस जेवलो नसतो, पण दिली असती."

मुलानं आईकडे पाहिलं.

"माग की रे," ती हळूच म्हणाली.

मुलगा खिडकीपाशी आला. त्यानं मान खाली घातली आणि मुकाट्यानं हात पुढं केला.

मिस्त्रीनं मूठ आवळली.

"हात नको. तोंड उघड."