मल्लूच्या नावाचा बोकड

"अजून भरला न्हाई," बोकडाच्या पाठीवरून बोटं फिरवत बाणूबाई म्हणाली. "मणके हाताला लागायलेत."

"भरंल की. घाई कशाची?" तिचा नवरा सिद्धाप्पा दोरी वळता वळता बोलला. मान काही वर केली नाही त्यानं.

बोकड मरीआईला बोललेला. एकुलता मल्लिकार्जुन हैदराबादला बांधकामावर निघाला, तेव्हा बाणूबाईनं या पिलाला हळद-कुंकू लावून नवस केला होता. पोरगं सुखरूप आलं की जत्रा करायची. त्यांच्यात रीतच तशी. ज्याच्या नावाचा बोकड, त्यानंच त्याच्या पाठीवर पाणी टाकायचं. बोकडानं अंग झाडलं की देवीला पोचलं. आणि हडकुळा बोकड देवीपुढं न्यायचा नाही.

"अव्वा, बोकड भरला की सांगावा धाड. आसंल तिथनं येतो," मल्लू जाताना म्हणाला होता.

मल्लू आता येणार नव्हता. पावसाळ्याआधी औरादच्या बाजारात मुकादमानं सिद्धाप्पाला गाठलं होतं. पोरगं वरच्या मजल्यावरून पडलं होतं. "मल्लूला बघून येतो," असं घरी सांगून सिद्धाप्पा गेला आणि आपल्या हातानं पोराला अग्नी देऊन आला. बाणूबाईचं काळीज आधीच हलकं. ऐकून ती तिथंच संपली असती.

"बरा हाय. काम लई हाय. बोकड भरल्यावर येतो म्हनलाय," एवढंच तो बोलला. तिनंही खोदून विचारलं नाही. दारातच आंघोळीला पाणी काढून दिलं. अंगावर प्रवासाची धूळ होती, त्याला बरंच वाटलं.

खोटं बोलणं सोपं, ते पोसणं अवघड. बोकड भरू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या हातात राहिलं. ती पाण्याला गेली की तो घमेल्यातला भरडा काढून पोत्यात टाकायचा. मुकं जनावर त्याच्या हाताकडं बघत राहायचं. त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

पंचमी गेली, पोळा गेला, दसरा गेला. बाणूबाईनं चुलीवर कढई चढवली नाही. "मल्लू आल्यावर करू गोडधोड," म्हणायची. सिद्धाप्पा अर्धी भाकर ताटात ठेवून उठायचा.

दिवाळीला बोकडाच्या बरगड्या दिसायला लागल्या, तसा तो घाबरला. नवसाचा बोकड मेला तर ही त्यात पोराचा अपशकुन बघणार. त्यानं भरडा काढणं सोडलं. उलट मूठभर जास्तीच टाकायला लागला, बाभळीच्या शेंगा आणून घातल्या. तरी बोकड वाळतच चालला.

"जंत झाले आसतील, अण्णा. औषध पाज," शेजारची रुद्रम्मा म्हणाली. त्यानं पाजलं. काडीचा फरक पडला नाही. त्यांच्याच गोठ्यात पलीकडच्या खुंट्याला बांधलेली शेळी तेवढी गुबगुबीत झाली होती. नशीब बघा एकेकाचं.

एका दुपारी तो रानातून लवकर परतला. बाणूबाई गोठ्यात पाठमोरी बसली होती. बोकडापुढचं घमेलं तिनं ओढून घेतलं होतं आणि ओंजळीनं भरडा शेळीपुढं टाकत होती.

"अगं, त्याच्या तोंडचं काढून तिला कामून घालायलीस?"

ती दचकली नाही. हात चालूच राहिले.

"ह्यो भरला तर जत्रा करावी लागंल," ती म्हणाली. "पाठीवर पाणी टाकायला मल्लूला कुठनं आणणार तुमी?"