अस्वलाचं डोकं

ऑगस्टात बेसबॉलचे सामने संपले की खेळणारी पोरं आपापल्या कॉलेजात परत जातात. मग आमच्या संघाचं शुभचिन्ह असलेल्या अस्वलाचा पोशाख मी धुऊन मैदानाकडेच्या खोलीत टांगते. उन्हाळाभर तो घालून माझा भाऊ ऑरिन प्रेक्षकांपुढे नाचतो. साठी उलटली, तरी हौस जात नाही.

जानेवारीत, उंदीर लागलेत का बघायला आम्ही दोघं गेलो. दारापुढचा बर्फ आधी फावड्यानं काढावा लागला.

अस्वलाच्या डोक्यात हात घातला, तर आतलं अस्तर ओलं लागलं. ओलं आणि कोमट.

"नीट वाळवलं नसशील," ऑरिन म्हणाला.

"ऑगस्टात वाळवलंय. आणि या थंडीत ते गोठलं कसं नाही?"

त्यानं अस्तर हुंगलं. "घाम आहे. पण माझा नाही."

मी एक पाऊल मागे सरले, तसा तो हसला. "तोंड बघ तुझं!" म्हणत त्यानं ते डोकं चढवलं, दोन उड्या मारल्या आणि खिडकीकडे वळून थांबला.

बाहेर प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवर वीतभर बर्फ साचला होता.

"मार्लिस," तो आतून हळूच म्हणाला, "हात हलव. सगळे आपल्याकडेच बघतायत."