सोडतीतली जागा

"मावशी, घोळ झालाय," म्हणत निबाल्दो शाळेच्या पायरीवर बसला. टॅक्सी त्याने फाटकासमोर तशीच आडवी सोडली होती. मागचे हॉर्न वाजवत होते, पण त्याला कुठलं ऐकू येतंय!

एदेल्मिरामावशी शाळेतल्या कुणा पोराच्या चौकडीच्या एप्रनला बटण लावत होती. तालकावानो शहरातल्या या टेकडीवरच्या सरकारी शाळेत बाईंना मावशीच म्हणतात. निबाल्दोही लहानपणी हिच्याच वर्गात होता. स्वतः बाप झाला, पोरगी यास्नाही हिच्याच वर्गात बसू लागली, तरी हिच्यापुढे त्याची बोबडी वळायची ती वळायचीच.

"यास्नाचा नंबर लागला," तो म्हणाला. "लॉर्ड विन्स्टन कॉलेजात."

नावाला कॉलेज. शाळाच ती, बालवाडीपासूनची. पण तिथे टाय असतो, बाईंना 'मिस' म्हणतात, आणि टेकडीवरची निम्मी पोरं एव्हाना तिकडेच गेलेली.

"मग केक आण की! असा रडवेला काय झालायस?"

"अगं, मी आपलं सहज नाव टाकलं होतं. सगळेच टाकतात. म्हटलं, सोडतीत आपला नंबर कुठला लागतोय? आणि नाही लागला तर इथली जागा आहेच."

"आणि लागला."

"लागला! आता मोबाईल म्हणतो, तिकडे नंबर लागला की इथली जागा गेली. तिकडे नको म्हटलं तरी ही परत मिळत नाही. पोरगी कालपासून धड जेवली नाहीये. म्हणते, मी मिसबिस कुणाला म्हणणार नाही."

मावशीने दाताने दोरा तोडला. मुलं अशीच एकेक करून गेली तर मार्चमध्ये, नवं शालेय वर्ष सुरू होताना, ही शाळा खालच्या मोठ्या शाळेत विलीन होणार, हे सगळ्या टेकडीला ठाऊक होतं.

"तूच सांग, काय करू? हो की नको ते कळवायचा आज शेवटचा दिवस आहे."

"मला विचारू नकोस बाबा. मला ती हवीय. या बाबतीत मी हावरट आहे, माझं ऐकू नकोस."

"तिकडे इंग्रजी चांगलं आहे म्हणतात."

"असणारच. माझं इंग्रजी तुला माहितीये."

निबाल्दोला हसू फुटलं. तिने शिकवलेलं एकुलतं एक इंग्रजी गाणं त्याला अजून येत होतं, आणि त्याचा अर्थ अजून कळला नव्हता.

"प्रयोगशाळा पण आहे."

"आहे ना."

"आणि इथे?"

मावशीने एप्रनची घडी घातली, परत उलगडली. "इथे मी आहे," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. "म्हातारी झाले रे. काहीतरीच बोलते."

या बाईवर आपला एवढा जीव आहे हे निबाल्दोला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. मावशी हां हां म्हणेपर्यंत त्याने मोबाईल काढून 'नको'वर बोट दाबलं.

"अरे गाढवा! बायकोला तरी विचारायचंस!"

"तिनेच पाठवलंय. म्हणाली, आधी मावशीचं तोंड बघून ये, मग काय ते दाब."

मोबाईल टुणकन वाजला. मावशीने तो चष्म्याजवळ धरून मोठ्याने वाचलं, "या विद्यार्थिनीस सध्या कोणत्याही शाळेत जागा नाही. दुसऱ्या फेरीत पुन्हा अर्ज करावा."

तिने ते परत एकदा वाचलं आणि तिला हसूच आवरेना. मग निबाल्दोलाही आवरेना.

डोळे पुसत ती उठली आणि वर्गात डोकावली. यास्ना मधल्या सुट्टीतही रुसून आतच बसली होती. एका बाकावर ती, शेजारच्यावर दप्तर, त्यापुढच्यावर खाऊचा डबा, आणि पलीकडची बाकं नुसतीच भिंतीपर्यंत गेलेली. एकावर तिचा ओला स्वेटर वाळत होता.

"यास्ना, अख्ख्या देशात तुला कुठे जागाच नाही म्हणे," मावशी म्हणाली. "तो स्वेटर तेवढा उचल बाई. कुणी आलं तर बसायला नको का?"